याएल म्हणजे चढणारी

कालिंदीताई वसमतहून माहेरी आल्या आणि औंढेकरांच्या घरातला चहा मागच्या बोळात गेला. कपबशी वाजते म्हणून स्टीलच्या फुलपात्रातून, आणि भुरका ऐकू जाऊ नये म्हणून कोमट करून. सूर्यकांतराव औंढेकर हिंगोलीतल्या एका सरकारी कचेरीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं ज्यांच्या टेबलावर न मागता चहा आला, ते गृहस्थ आता धुण्याच्या दगडाशेजारी उभे राहून, भिंतीकडे तोंड करून चहा घेत. लेकीनं विचारलंच तर "औषध घेतोय" असं सांगायचं ठरलं होतं. सकाळी औषध, दुपारी औषध आणि पाहुणे आले की पाहुण्यांनाही औषध.

याला कारण कालिंदीताईंचा नवस. धाकट्या भावाच्या, नचिकेतच्या, लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा त्यांनी देवीपुढे पदर पसरून सांगितलं, "भावाच्या लेकराच्या कानात आत्या म्हणून मी नाव सांगेन, त्या दिवशी चहा घेईन. तोवर तोंडाला लावणार नाही." पुष्कळ बायका नवसाला पडवळ सोडतात आणि वर्षभर त्याचं पुण्य चारचौघींत सांगतात. कालिंदीताई दिवसाला सहा कप चहा घेणाऱ्या, आणि त्यांनी खरोखर चहा सोडला. नीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, एकदा हळूच सुचवलं होतं, की देवीला कॉफीबद्दल काही बोललेली नाहीस. त्यावर कालिंदीताईंनी आईकडे असं पाहिलं, की नीलाबाईंनी कॉफीचा डबाच शेजारणीला देऊन टाकला.

देवीनं गाऱ्हाणं ऐकलं, पण सवडीनं ऐकलं. सोडलेल्या चहाला दोन वर्षं चार महिने झाले होते. एवढ्या काळात कालिंदीताईंचं कपाळ रोज दुखलं, आणि ते दुखणं त्यांनी एकटीनं सोसलं असं वसमतमधलं कोणीही म्हणणार नाही.

आता नचिकेतला मुलगी झाली होती. सून केतकी पुण्याची, नोकरीही पुण्यातच. पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून बाळंतपण सासरी, हिंगोलीत झालं. ज्येष्ठा नक्षत्र, दुसरं चरण. दत्तप्रसाद गुरुजींनी पत्रिका मांडली, नक्षत्राची शांत सांगितली आणि नावाचं अक्षर काढून दिलं : या.

ते ऐकून कालिंदीताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांना दोन मुलगेच. मुलगी झाली तर यामिनी ठेवायचं म्हणून त्यांनी एक नाव बावीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं, जसं कुणी जरीचं परकर-पोलकं ट्रंकेत ठेवावं. आणि देवीनं नेमकं तेच अक्षर पाठवलं होतं.

केतकीनं मात्र फोनवर बोट फिरवत ऐकलं.

"यामिनी छानच आहे, ताई," ती म्हणाली. "फक्त आमच्या ऑफिसात एक यामिनी मॅडम आहेत. त्यांचा मेल आला की माणूस सामान आवरायला लागतो. मला माझ्याच मुलीला हाक मारताना धडकी भरेल."

"मग काय ठेवणार? याज्ञसेनी?"

"याएल."

"हे नाव आहे की कुणी ठेचकाळलंय?"

पण सूर्यकांतराव पुढे सरसावले. कोणताही कागद मुळापासून वाचल्याशिवाय त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. "मूळ काय? अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

"मूळ हिब्रू, नाना," केतकी म्हणाली. "अर्थ चढणारी. उंच कड्यांवर चढणारी."

फोनवर त्याखाली आणखी एक ओळ होती. ती केतकीनं वाचली होती आणि मग बोटानं वर सरकवली होती. तिच्या मते नावाला एक अर्थ पुरतो.

सूर्यकांतरावांना ‘चढणारी’ फार पसंत पडलं. त्यांची स्वतःची शेवटची पदोन्नती निवृत्तीच्या आदल्या महिन्यात झाली होती, म्हणून चढण्याबद्दल त्यांना मनातून आदर होता. शिवाय हे नाव साऱ्या जिल्ह्यात कुणाचं नव्हतं. त्यांनी एकशे साठ पत्रिका छापल्या, आणि खुलाशाशिवाय कागद बाहेर जाऊ नये या सवयीनं नावाखाली ओळ टाकली : ‘याएल (हिब्रू), अर्थ : चढणारी’.

कालिंदीताईंनी ती पत्रिका दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "सांगीन मी कानात. नाव तुमचं, तोंड माझं." बारसं सहा दिवसांवर होतं. चहा सहा दिवसांवर होता. बावीस वर्षांचं नाव पुन्हा ट्रंकेत गेलं.

बुधवारी सकाळी बनाबाई आल्या. बनाबाई रोज बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायच्या. त्यांचा नवरा रखमाजी सेनगाव रस्त्याच्या वस्तीवर राहायचा, आणि त्याच्याकडे साठ शेळ्यामेंढ्या होत्या. बनाबाईंनी पाय लांब केले, बाळाला त्यावर पालथं घातलं, तेलाची वाटी जवळ ओढली आणि एकदम केतकीच्या तोंडावरून हात फिरवून कडकडा बोटं मोडली.

"सूनबाई, तुमी शिकलेल्या, पुन्याच्या. आमाला वाटलं बी न्हवतं तुमी आमची येवढी याद ठेवताल."

"कशाची याद, बनाबाई?"

"लेकराचं नाव शेळीवर ठेवून राहिले न्हवं का."

नीलाबाई शेगडीत ओवा टाकत होत्या. मूठभर टाकायचा तो डबाभर पडला.

"कोण म्हणतं शेळी?" सूर्यकांतराव बोळातून ओठ पुसत आत आले.

"आमच्या राधिकेनं मोबाइलात पाहिलं, सायेब. पोरगी कालेजात हाय. पत्रिकेवरलं नाव टाकलं, तर शेळीच निघाली. ही मोठी शिंगं. मालकानं सोता पाहिली. मनले, जात कोन्ची का असंना, शेळी हाय बराबर. वस्तीवर दोन दिसांपासून तेच चालू हाय. आजवर कोनी साहेब लोकांनी आमच्या जनावराचं नाव पोटच्या लेकराला दिलं न्हाई."

खोलीतली सगळी तोंडं केतकीकडे वळली. केतकीनं बाळाकडे पाहिलं, बाळानं जांभई दिली.

"शेळी नाही ती," केतकी म्हणाली. "म्हणजे शेळीच, पण डोंगरातली. वाळवंटातल्या कड्यांवर राहते. सरळ उभ्या कड्यावर चढते. म्हणून चढणारी."

"चढतीच की," बनाबाई बाळाच्या पाठीवर तेल जिरवत म्हणाल्या. "शेळी कुटं बी चढती. आमची एक परवा पान्याच्या टाकीवर चढली. उतरवाया गडी लावावा लागला."

कालिंदीताई पूजेतून उठून दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातातली जपमाळ थांबली होती. "म्हणजे मी दोन वर्षं चार महिने चहा सोडला," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते भाचीच्या कानात शेळी म्हणायला."

औंढेकरांच्या जागी दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. एकशे साठ पत्रिकांपैकी एकशे एकोणसाठ ठिकाणी कुणाला काही ठाऊक नव्हतं. लोक जेवून, बाळाच्या हातावर काहीतरी ठेवून घरी गेले असते. पण सूर्यकांतरावांच्या कारकिर्दीत चुकलेला कागद कधी मोकळा फिरला नव्हता. ते टेबलाशी बसले, चष्मा लावला, आणि तासाभरात ‘औंढेकर परिवार’, ‘निवृत्त कर्मचारी मित्रमंडळ’ आणि कॉलनीचा गणपती अशा तीन ग्रुपांवर त्यांनी मजकूर सोडला :

‘शुद्धिपत्रक. सर्व नातेवाईक व स्नेही यांना कळविण्यात येते की, आमच्या नातीच्या नियोजित नावाचा अर्थ शेळी असा असल्याची चर्चा सेनगाव रस्त्याच्या बाजूस सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर चर्चा वस्तुस्थितीस धरून नाही. सदर प्राणी शेळी नसून डोंगरी शेळी आहे. याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. कार्यक्रमाच्या वेळेत बदल नाही.’

सर्व संबंधितांनी इतकी तत्पर नोंद पूर्वी कधी घेतली नव्हती. कळमनुरीच्या मावसभावानं विचारलं, दूध किती देते. निवृत्त लेखापालांनी अभिनंदन करून चारा-पाण्याची सोय काय केली याची चौकशी केली. कॉलनीतल्या एका बाईंनी हात जोडलेली पाच चित्रं पाठवून लिहिलं, की आम्हाला काहीच माहीत नव्हतं, आता सगळ्यांना सांगते. आणि त्यांनी शब्द पाळला.

"नाना, हे काहून पाठवलंत?" नचिकेत डोक्याला हात लावून बसला. तो घरातूनच पुण्याचं काम करायचा. त्या दिवशी मीटिंगमध्येही त्याला कुणीतरी बाळ-बकरी कशा आहेत असं विचारलं होतं.

"गैरसमज वाढू नये म्हणून."

"गैरसमज एका वस्तीत होता. आता तो तालुक्यात गेला."

गुरुवारी घरात दोन पक्ष पडले. कालिंदीताईंचं म्हणणं, अजून वेळ गेलेली नाही, यामिनी ठेवा. केतकीचं म्हणणं, लोक हसले म्हणून नाव बदललं तर मुलगी पुढे काय शिकेल. दोघी एकमेकींशी अत्यंत गोड बोलत होत्या, आणि त्यामुळे घरातल्या बाकीच्यांचे हातपाय गार पडत होते.

"ताई, तुम्हाला जड जात असेल तर राहू द्या," केतकी म्हणाली. "माझी मैत्रीण येणारच आहे पुण्याहून. ती सांगेल कानात."

नीलाबाईंनी हातातला पाट खाली ठेवला. मैत्रिणीनं कानात नाव सांगितलं की ते सांगितलं गेलं. आत्याचा नवस जन्मभर तसाच लोंबकळत राहणार. लेकीला उरलेलं आयुष्य चहा नाही, आणि ती माहेरी आली की आपल्यालाही नाही. त्यांनी डोळे मिटून कुलस्वामिनीला मनोमन एक वार बोलून टाकला. कुठला वार तेही घाईत ठरवायचं राहून गेलं.

"मैत्रीण," कालिंदीताई म्हणाल्या. "बरं. तिलाही चहा सोडायला सांगितला होतास का?"

"ताई, मी तसं नाही म्हणाले. पण यामिनी नको. तो विषय संपला."

बनाबाई कोपऱ्यात बसून बाळंतिणीचा शेक आवरत होत्या. त्यांनी मान वर केली. "काकू, म्हंजी ते यामिनी नाव आता रिकामंच हाय का?"

"रिकामंच समज, बाई," नीलाबाई वैतागून म्हणाल्या. "तू तेवढी शेगडी बाहेर ने."

बनाबाईंनी शेगडी बाहेर नेली.

शुक्रवारी दत्तप्रसाद गुरुजी पूजेच्या सामानाची यादी घेऊन आले. सूर्यकांतरावांनी त्यांना आसन दिलं आणि फायलीवर विचारावं तसं विचारलं, "गुरुजी, माणसाच्या अपत्यास जनावराचं नाव देणं शास्त्रास धरून आहे काय?"

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. "साहेब, तुमची रास कोणती?"

"मेष."

"मेष म्हणजे?"

सूर्यकांतरावांनी चष्मा पुसायला घेतला.

"मेंढा," गुरुजी म्हणाले. "सत्तर वर्षं सगळ्या नातलगांच्या देखत तुम्ही मेंढा आहात. नात वृश्चिकेची. म्हणजे विंचू. विंचवाला तुमची हरकत नाही. मग शेळीनं काय केलंय?"

"रास वेगळी. राशीच्या नावानं कुणी हाक मारत नाही."

"आणि माझी मावसजाऊ मैना," नीलाबाई आतून म्हणाल्या. "चाळीस वर्षं मैना म्हणतोय तिला. कुणी दाणे टाकले नाहीत तिच्यापुढे."

सूर्यकांतरावांनी दोन्ही मुद्दे ऐकून घेतले आणि विचाराधीन ठेवले. गुरुजी निघाले तेव्हा कालिंदीताई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. इकडे तिकडे पाहून त्यांनी विचारलं, "गुरुजी, देवीपुढे मी नुसतं ‘नाव सांगेन’ म्हणाले होते. कुठलं नाव ते बोलले नव्हते."

"मग कुठलंही चालेल."

"आणि पत्रिकेत एक छापलं असेल, अन् माझ्या तोंडून दुसरं गेलं तर?"

गुरुजी हिंगोलीत तीस वर्षं पौरोहित्य करत होते. नणंद-भावजयांच्या मध्ये पळी-पंचपात्रीसुद्धा धरायची नाही हे ते शिकलेले होते. "छापखान्याचं मला माहीत नाही," ते चपला घालत म्हणाले. "आत्याच्या तोंडून कानात जे आधी गेलं, ते नाव. ते मागं घेता येत नाही." आणि मोटारसायकलला किक मारून ते गेले.

शनिवारी दुपारी सूर्यकांतराव बोळात औषध घेत असताना मागून आवाज आला.

"नाना, प्या सावकाश. भाजेल."

त्यांनी गर्रकन वळून फुलपात्र पाठीमागे नेलं. चहा धोतरावर सांडला.

"आल्या दिवसापासून वास येतोय," कालिंदीताई म्हणाल्या. "आलं जरा जास्त टाकतेय आई. मी काही म्हणत नाही. मला एवढंच सांगायचंय, की उद्या मी कानात यामिनी सांगणार आहे. एकदा सांगितलं की सांगितलं. तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

सूर्यकांतरावांनी ओल्या धोतराकडे पाहिलं, लेकीच्या कपाळावरच्या बामाकडे पाहिलं. गेल्या तीन दिवसांत त्यांना लेखापालांचे अकरा संदेश आले होते. शेवटच्यात नुसता कडब्याच्या पेंढीचा फोटो होता.

"तू बिनधास्त सांग," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पत्रिकेचं मी पाहतो. दुसरं शुद्धिपत्रक तयारच ठेवतो."

कालिंदीताईंच्या चेहऱ्यावर दोन वर्षं चार महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. रात्री त्यांनी देवीपुढे जास्तीचा दिवा लावला. कट करून लावलेल्या दिव्याचं फळ काय मिळतं, हे कुठल्या पोथीत दिलेलं नाही.

रविवारी कॉलनीतलं सभागृह भरून गेलं. साठ माणसं कमी येतील असा अंदाज होता. शुद्धिपत्रकामुळे चाळीस जास्त आली. येणारी प्रत्येक बाई केतकीच्या मांडीकडे वाकून बाळाचे कान जरा निरखूनच बघे. केतकी हिरव्या साडीत बसली होती, आणि हसून हसून तिचे गाल दुखले होते. पुण्याची मैत्रीण आलीच नाही. तिनं मेसेजमध्ये शेळीचं एक गोंडस चित्र पाठवलं होतं. केतकीनं ते कुणाला दाखवलं नाही, पण तेवढ्यात तिचे डोळे भरून आल्याचं कालिंदीताईंनी पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहिल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू होणार, तेवढ्यात दारात गलबला झाला. रखमाजी आला होता. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, मागे वस्तीवरची वीस-बावीस माणसं, आणि काखेत एक करडू. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि खुरांना हळद लावली होती.

"सायेब, राम राम," रखमाजी म्हणाला. "आमच्यात लेक झाली का तिच्या नावानं एक मादी करडू सोडत असतो. ते तिचं सोताचं. त्याची पिल्लं बी तिचीच. लेक मोठी होस्तोवर तिचा कळप व्हतो. तुमी लेकराला आमच्या जनावराचं नाव दिलं. मग हे देनं आमच्यावर आलंच न्हवं."

सभागृहात कोणी हसलं नाही. लेखापाल हसणार होते, पण त्यांच्या बायकोनं त्यांच्या पायावर पाय ठेवला. सूर्यकांतरावांनी खिशातल्या दुसऱ्या शुद्धिपत्रकाला हात लावला. त्यात अशा प्रसंगासाठी परिच्छेद नव्हता. "बसा, रखमाजी," एवढंच ते म्हणाले, आणि स्वतः उठून त्यांनी खुर्ची दिली. त्यांनी कुणाला खुर्ची द्यायची हिंगोलीत ही पहिलीच वेळ असावी.

रखमाजी बसला. करडू काही बसेना. त्याला खाली सोडलं तर ते कोपऱ्यात गेलं. तिथे जादा खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. शेजारच्या टेबलावरून त्यानं त्या चळतीवर उडी मारली आणि वर जाऊन उभं राहिलं. चारी खुरं एका वितीत, मान ताठ. तिथून ते सगळ्या पाहुण्यांकडे बघू लागलं.

"चढणारी," कुणीतरी मागून म्हणालं.

इकडे बाळ पाळण्याखालून, वरून देऊन-घेऊन झालं, वरवंटाही फिरला, आणि बाळाला पाळण्यात ठेवलं. "आत्याबाई, या," नीलाबाईंनी हाक मारली. हाक मारताना त्या लेकीच्या तोंडाकडेच बघत होत्या. त्यांना कटाची कल्पना नव्हती, पण लेक त्यांची होती.

कालिंदीताई पुढे झाल्या. पदर खांद्यावरून घेतला, मनात देवीचं नाव घेतलं, वाकल्या, उजव्या हाताचा आडोसा केला आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं. सभागृह शांत झालं. बायकांनी पाठीवर बुक्के द्यायला हात वर करून ठेवले. सूर्यकांतराव डोळे मिटून उभे राहिले. कालिंदीताईंनी श्वास घेतला.

"या..." त्या म्हणाल्या.

"यामिने," रखमाजीचा रानात घुमणारा आवाज त्या शांततेत उठला, "ये यामिने, उतर खाली."

वर चळतीवरून करडानं मान फिरवली आणि "बें" केलं.

"हाकेला वो देती बगा," बनाबाई शेजारच्या बाईला कौतुकानं सांगू लागल्या. "तीनच दिसांत. गुर्जीच्या पत्रिकेतून आलेलं नाव हाय. ताईसाबांनी काढलेलं, मंग यांना नको झालं. इतकं चांगलं नाव, वाया काहून जाऊ द्यायचं? काकूंना इचारून ठेवलं, हां."

नीलाबाईंनी आठवून पाहिलं, आणि त्यांना आठवलं.

सभागृहातली सगळी डोकी करडाकडे वळली होती. "यामिनी, यामिनी," लहान पोरं खुर्च्यांभोवती जमून ओरडायला लागली. "यामिनी, पाला खाती का? यामिनी, ये." करडू प्रत्येक हाकेला वो देत होतं. बनाबाई सांगत होत्या ते खरं होतं, जनावर हुशार होतं.

कालिंदीताई अजून वाकलेल्याच होत्या. बाळाच्या कानात अर्धं नाव गेलेलं होतं, आणि ते मागं घेता येत नाही असं गुरुजींनी सांगितलं होतं. पुढची दोन अक्षरं त्यांच्या ओठांवर होती. बावीस वर्षं होती. त्यांना दिसलं, की ही मुलगी शाळेत जाईल आणि रस्त्याच्या पलीकडून कुणीतरी हाक मारेल, आणि दोघी वळून बघतील. एका नावाचा अर्थ शेळी होता, पण तो इथून हजारो मैलांवरच्या लोकांना ठाऊक. दुसऱ्या नावाची शेळी समोर खुर्च्यांवर उभी होती, आणि ती साऱ्या हिंगोलीनं पाहिली होती.

बाळानं डोळे उघडून आत्याकडे पाहिलं.

"...एल," कालिंदीताई म्हणाल्या. मग तोंड काढून घेण्याआधी, जणू कुणी चोरून नेईल अशा घाईनं, सबंध नाव आणखी दोनदा सांगितलं. "कुर्र."

पाठीवर बुक्क्यांचा पाऊस पडला. नीलाबाईंनी जरा जोरातच हात साफ करून घेतला. सूर्यकांतरावांनी डोळे उघडले, खिशातला कागद बाहेर काढला, त्याची छोटी घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. शुद्धिपत्रकानं काही स्थिर झाल्याचं ते पहिलंच उदाहरण.

गर्दी पेढ्यांकडे वळली तेव्हा केतकी पाळण्याजवळून उठली आणि कालिंदीताईंच्या पाया पडली. "ताई, मला खरं सांगायचं तर वाटलं होतं, तुम्ही यामिनीच म्हणणार."

"छे," कालिंदीताई म्हणाल्या. "पत्रिका छापल्यावर कुणी नाव बदलतं का?"

केतकीनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग ती सभागृहामागच्या स्वयंपाकघरात गेली आणि कपबशी घेऊन आली. फुलपात्र नाही, चांगली फुलांची कपबशी. चालताना ती खणखणत होती, आणि घरातल्या चारही माणसांनी तो आवाज कान देऊन ऐकला. कालिंदीताईंनी कप हातात घेतला, डोळे मिटून देवीला दाखवला आणि पहिला घोट घेतला. रखमाजीसुद्धा पेढा हातात धरून थांबला.

"साखर कमी आहे," कालिंदीताई म्हणाल्या.

नीलाबाईंनी सुस्कारा सोडला. लेक परत आली होती.

कालिंदीताईंनी उरलेला चहा शांतपणे संपवला, बशीतला सांडलेलाही घेतला. मग कोपऱ्याकडे गेल्या. करडू अजून वरच उभं होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले, त्याला अलगद खाली उतरवलं आणि त्याची झेंडूची माळ सारखी केली. कपाळावरच्या ठिपक्यावरून एक बोट फिरवलं.

"सकाळपासून नुसते फोटो काढताय सगळे," त्या वळून म्हणाल्या. "माझ्या यामिनीला कुणी पाणी दाखवलंय का?"